सांधणी

नर्सिंग कॉलेजच्या खिडकीत हुद्दार कारकून
माझी फाईल उलटी करून बघत होते,
तळाशी काही सांडलंय का, तसे.
ही दोन वर्षं धरली जाणार नाहीत, म्हणाले.
कुठंच?
कुठंच नाही. तिकडं पहिल्यापासून.
आणि मूळ दाखले हवेत तर
उरलेल्या दोन वर्षांची फी भरायची.
म्हणजे जे शिकले ते शून्य,
जे शिकणार नाही त्याचे पैसे.
बाहेर पायरीवर बसून
मी हा हिशेब पुन्हा एकदा केला.

वडगावात आमच्या घरी तेव्हा दोन माग होते.
आता एक आहे.
रात्री जाग आली की घर अर्धंच बोलत असतं.

बाबा त्यावर काही बोलले नाहीत.
मी "दोन वर्षं वाया" म्हटलं तेव्हा
ते बीम बदलत होते. म्हणाले, बस हितं.
जुना ताणा संपला तरी त्याची शेपटी काढत नाहीत,
फणीतून ओवलेली तशीच ठेवतात,
आणि नव्या बीमचा एकेक धागा
बोटाला राख लावून
जुन्याच्या टोकाला पिळतात.
तीन हजारांवर धागे.
"नव्यानं ओवत बसलो तर आठवडा जाईल.
सांधलं की उद्या माग चालू."
खरं आहे.
पण ती सांध्याची वीतभर पट्टी
कुठल्याच साडीत जात नाही,
आई तिनं पोळपाट पुसते,
हेही मी लहानपणापासून बघतेय.

आता त्याच दवाखान्यात मी दुसऱ्या दारानं येते.
अंबाडा नाही, जाळी नाही.
रेश्मा मुल्ला, माझी बेड-मेकिंगची जोडीदार,
चादरीचं दुसरं टोक कायम जिच्या हातात असायचं,
जिन्यात भेटते: काय डॉक्टरीणबाई, काय करूलीस?
हसते, आणि ट्रॉली पुढं ढकलते.
हसणं आणि ढकलणं यांच्यामध्ये
जेवढी जागा असते
तेवढ्यात मला उभं राहता येत नाही.

चौदा नंबरला लक्कव्वा, हुक्केरीकडची,
होट्टी ब्यानी.
सर म्हणाले, हिस्टरी घे.
कधीपासून, कुठून कुठं जाते, जेवणाआधी की नंतर.
मी आधी विचारलं, ऊटा आतेन, यव्वा?
मागे कुणीतरी फिसकन हसलं.
जेवलीस का, हे काय विचारणं झालं?
ती म्हणाली, नाही. परवापासून नाही.
डबा आणणारा पोरगा आलेलाच नाही.
गोळ्या तेवढ्या वेळेवर गिळल्या.
सर म्हणाले, लिही हे.
मग त्यांनी पोटदुखीची सहा कारणं विचारली.
मला दोन आली.

शेजारच्या खाटेवर सलाईन संपत आलेलं,
नळीत रक्त उलटं चढायला लागलेलं.
हात माझ्याआधी गेला.
फिलोमिना सिस्टरनी मनगट धरलं.
तुझं नाही ते आता, म्हणाल्या.
रागानं नाही.
चादरीचा कोपरा कसा दुमडायचा
हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं
तोच आवाज.

घोळका पुढच्या वॉर्डात गेल्यावर मी मागं राहिले.
लक्कव्वाची चादर एका बाजूनं सुटली होती.
कोण बघतंय का, हे मी बघितलं,
स्वतःच्याच जुन्या घरात चोरून शिरावं तसं,
आणि कोपरा खोचला.

ती टक लावून बघत होती.
नी डॉक्टर एनु, सिस्टर एनु?
गळ्यातला स्टेथोस्कोप, हातातली चादर,
तिलाही जुळत नसावं.
गोत्तिल्ल, म्हटलं. माहीत नाही.

कुंद्र, म्हणाली,
आणि पाय बाजूला घेतले.