खरवड

पुतलीसडकच्या क्लासात प्रज्वल सर सांगायचे,
पिझ्झा म्हणा. पिझ्झ्यात धोका नाही.
चीझी, क्रिस्पी, ज्यूसी, डिलिशस,
चार विशेषणं खिशात ठेवा
आणि उगाच घरात शिरू नका.
घरात शिरलात की व्याकरण उंबऱ्याबाहेर राहतं.

माझ्याहून वीस-वीस वर्षांनी लहान पोरं
वहीत पिझ्झा उतरवून घेत होती.
मी नाही घेतला.
मी भाजलाय पिझ्झा, सर,
चार हजार दोनशे मीटरवर, रॉकेलच्या स्टोव्हवर,
पातेल्यावर पातेलं उपडं घालून,
बोटं बधिर झालेली असताना.
एक जर्मन म्हातारा तो खाऊन
माझा हात धरून रडला होता.
मी चाखला नव्हता.

बावीस मोसम तंबूतली चूल.
ॲपल पाय, पास्ता, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक.
आधी पाहुणे जेवायचे, मग गाइड, मग ओझी वाहणारे,
मग मी, उभ्या उभ्या.
आता गुडघे चढ मानत नाहीत.
लीड्सजवळच्या एका वृद्धाश्रमाला स्वयंपाकी हवाय.
म्हाताऱ्यांना मऊ शिजवून घालायचं.
ते येतं मला.
फक्त त्याआधी बोलून दाखवायचं.

खोलीत एक टेबल, एक घड्याळ, एक रेकॉर्डर.
बाईंच्या गळ्यात ओळखपत्र,
चेहऱ्यावर काहीच नाही, तसा नियम असतो म्हणे.
पूर्ण नाव?
सिंगमान तामाङ.
इथवर पाठ होतं.
मग कार्ड आलं.
आवडता पदार्थ. कोण करतं, कधी खाता, का आवडतो.
एक मिनिट, एक पेन्सिल, एक कोरा कागद.

पिझ्झा जिभेच्या टोकावर होता, शपथ.
पण तोंडातून निघालं, द बॉटम.
बाईंची भुवई हलली. नियमात बसेल इतकीच.
बॉटम ऑफ द पॉट, मी घाईघाईनं म्हणालो.

नाचणीचा ढिंडो संपल्यावर
पातेल्याच्या तळाला जे धरून बसतं, ते.
आमच्याकडे त्याला शब्द आहे.
बाईंच्या भाषेत शोधत गेलो तर हाताला लागला
एकच, बर्न्ट.
तो मी परत ठेवला.
करपणं ही चूक असते. स्वयंपाक्याची नोकरी जाते त्यानं.
ही चूक नव्हे.
पातेलं निखाऱ्यावर विसरायचं, जरासंच,
विसरल्याचं सोंग करून,
आणि सगळे झोपायला गेले की
पळीनं कडेकडेनं सोडवत आणायचं,
धुरकट, कडक, थोडं गोड.
यातलं निम्मं म्हणालो असेन.
निम्मं हातांनी.

कोण करतं?
नोबडी, मी म्हणालो. नोबडी मेक्स.
इट स्टेज.

इथे शब्द संपले. घड्याळ संपलं नव्हतं.
पन्नास सेकंद म्हणजे चढावरची पन्नास पावलं.
मी पेन्सिल उलटी धरली
आणि टेबलावर खरवडून दाखवलं.
खर्र. खर्र.
आणि शेवटचा तुकडा सुटतो तेव्हाचा तो, जरा वेगळा.

थँक यू, बाई म्हणाल्या, ठरल्या वेळी.
त्याआधी त्यांनी आवंढा गिळला असं मला वाटलं.
दुपारचा एक वाजून गेला होता,
भूकही असेल.

साडेपाच आले. सहा लागतात.
पिझ्झा म्हणायला काय झालं होतं, सर म्हणाले.
सप्टेंबरात परत बसतोय. फी भरली.
चारही विशेषणं इस्त्री करून ठेवलीत.

पण ते रेकॉर्डिंग कुठेतरी आहे.
कुठल्याशा शहरात हेडफोन लावून
दुसरा कुणी तपासनीस माझे मार्क पडताळत असेल
आणि थांबेल,
मागे नेऊन पुन्हा ऐकेल,
हा आवाज कसला?
त्याच्या कागदावर त्याला रकाना नसणार.

रात्री घरी गेल्यावर
त्यानं पातेल्यात डोकावून बघावं.