चटईचा धागा

जुम्म्याला साडेबारा वाजता मी लेथ बंद करतो.
दारूखान्यात तेव्हाही सगळं वाजतच असतं,
गॅस कटर, घण, ट्रकात आपटणारे पत्रे,
मोडलेल्या जहाजांच्या हाडांचा तो बाजार.
गफूरशेठ नुसती मान हलवतो, म्हणजे जा.
मोरीत नखांतला काळा काढता काढता
साबणाची वडी अर्धी होते, काळा अर्धाच निघतो.
धुतलेला सदरा, कानामागे अत्तराचं बोट,
तरी त्याच्याखालून लोखंड वास मारतंच.

उशीर झाला तर मागेच बसायचं.
पुढे पंख्याखाली हातभर जागा दिसते,
पण माणसांच्या खांद्यांवरून ढांगा टाकत जायचं नाही.
हे मला हमदुले चाचांनी शिकवलं, नऊ वर्षांचा होतो.
शब्दाने नाही,
मागून माझा घोटा धरून,
जशी पळणारी कोंबडी धरतात.

त्याच वर्षीची गोष्ट.
इमाम मिंबरावर चढले, काठी टेकली,
अजान संपली आणि माणसं एकदम मिटली.
शेजारी यासीन मुकादम खिशातल्या गोट्या मोजत होता.
मी म्हटलं, ‘शूऽ, गप्प बस.’
नमाजनंतर पायऱ्यांवर चपला शोधताना चाचा म्हणाले,
‘त्याने गोट्या वाजवल्या, तू जीभ वाजवलीस.
दोघांचाही आजचा जुम्मा रिकामा.’
मी रडकुंडीला आलो. बरोबर तर मीच होतो!
चाळीस वर्षं झाली,
ते गणित अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

खुतबा अरबीत.
मला त्यातले वीस-पंचवीस शब्द कळतात.
परगावच्या बाजारात ओळखीची माणसं भेटावीत
तसे ते भेटतात, सलाम करतात,
पुन्हा गर्दीत जातात.
बाकीचं मी तसंच ऐकतो.

जड जातो तो हात.
दिवसभर मशीन फिरवणारा, त्याला रिकामं बसवत नाही.
खड्यांशी चाळा करू नये असं सांगून ठेवलंय.
इथे खडे कुठले?
पण चटईचा एक धागा सुटलेला असतो,
निळा, नेमका माझ्याच गुडघ्यापाशी,
आणि बोट त्याच्याकडे निघतं.
मी त्याला परत बोलावतो.
ते पुन्हा निघतं.
एखादा जुम्मा सगळा ह्यातच जातो.

आज कुणाचा तरी फोन वाजला,
त्यात कोंबडा आरवत होता.
तीनदा आरवला. बिचाऱ्याचे कान लाल झाले असणार,
मला दिसले नाहीत, कारण कुणीच मान वळवली नाही.
शेकडो माणसांनी मिळून
एका माणसाची लाज झाकलेली
मी ह्या शहरात दुसरीकडे पाहिली नाही.

दोन खुतब्यांच्या मधे इमाम जरासे बसतात.
त्या फटीत मागून घ्यायचं असतं.
मी मैमुनाच्या गुडघ्यांचं मागतो,
धाकट्याच्या नोकरीचं तोंडाशी येतं
तोवर इमाम उठलेले असतात.

रात्री जेवताना मैमुना सांगत होती
दापोलीच्या बहिणीचं,
विहिरीच्या वाटेवरून दिरांनी घातलेला वाद.
मी लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवत होतो,
तिचं वाक्य संपायच्या आधी ‘हो हो’ म्हणत होतो.
तिने भाताचा डाव खाली ठेवला.
‘दर जुम्म्याला तिथे बसता ना,
कळत नाही ते सुद्धा गप्प ऐकत?
माझं तर आपल्याच बोलीत आहे.’

मी बरणी बाजूला सारली.
तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं,
विहीर कुणी खणली तिथपासून.
ताटाच्या कडेला एक शीत वाळत होतं.
बोट निघालं.
मी त्याला परत बोलावलं.