आधी छप्पर

फ्लेक्सवाल्याने दोनदा छापून आणला बोर्ड,
एकदा आडवा, एकदा आरशातला,
तेव्हा थामबाईंनी मला शोधून काढलं.
माझगावात हाताने बोर्ड लिहिणारा मी एकटाच उरलोय,
तोही भाऊच्या धक्क्यावर होड्यांना नंबर घालण्यापुरता.

एकच अक्षर हवं होतं : दात.
त्यांच्या वडिलांच्या दवाखान्यावरचं, गंजून अर्धं झालेलं.
भाची तिथे पुन्हा खुर्ची मांडणार होती.
चार रेघांचं काम. म्हटलं, संध्याकाळी घेऊन जा.

छाप घेतला, खडूने मोठा केला,
सहा नंबरचा ब्रश, लाल इनॅमल,
कडा अशा की नख अडू नये.
बाई चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिल्या.
"छान आहे," म्हणाल्या, "पण कवळी आहे.
काढलायस तू. लिहिलेला नाहीस."

चाळीस वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं.
रंग वाळल्यावर कोण सांगणार
कुठली रेघ आधी, कुठली नंतर?
त्यांनी काडीने दाखवलं :
उभ्या कण्यावर आडवी चढली होती,
शेपूट तर खालून वर आली होती,
झाडाने मुळाकडे वाढावं तशी.

मग अकरा संध्याकाळी.
ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर, पाण्यात बुडवलेल्या ब्रशने.
आडवी.
मग थोडी उतरून वळलेली.
मग उभी, टोकाला गळासारखा आकडा.
मग डावीकडे घसरत सोडून दिलेली.
आडनाव थाम, आणि हात धरून सांगायच्या तेही तेच :
थांब. इथे टेक. आता सोड.
मुंबईच्या दमट हवेत अक्षर लवकर वाळत नाही,
चूक डोळ्यासमोर चकाकत राहते,
आणि वर पंखा.

एकदा त्यांनी स्वतः लिहून दाखवलं : परतणे.
चौकोनात चौकोन.
बाहेरचा तीन बाजूंनी, मग आतला पुरा,
आणि बाहेरच्याचा तळ सगळ्यात शेवटी.
"आधी माणसं आत येतात, मग दार लावायचं."
तो तळ ओढायचा राहिला.
हात तसाच वर, ब्रशला थेंब लोंबलेला,
आतला चौकोन वाळून गेला तरी.
भाऊ होता, एवढंच म्हणाल्या. बासष्ट साली.

मी विषय बदलला.
सांगितलं, आमच्या शाळेत आधी अक्षरं, वरची रेघ शेवटी,
गुरुजी पट्टीने ओढायला लावत, सगळ्यांना एकदम पांघरूण घातल्यासारखी.
पण बोर्डाच्या धंद्यात उलटं :
निळीची दोरी ताणून फटकारायची,
आधी छप्पर,
मग एकेकाला खाली लटकवायचं, मापात.
धंद्यात पडल्यापासून मी शाळेसारखं लिहिलेलंच नाही,
किराणा यादीसुद्धा.
बाई हसल्या. "म्हणजे मराठीतही कवळीच."

शेवटच्या दिवशी डोळे मिटून हात पुढे केला.
"लिही, बोटाने."
तळहातावर काही उमटत नाही.
ना कडा, ना रंग, ना माझं चाळीस वर्षांचं कसब.
फक्त काय आधी, काय नंतर.
आडवी. उतरून वळलेली. उभी, आकडा. सोडून दिलेली.
"दात," त्या म्हणाल्या, आणि सगळे दाखवले.

बोर्ड त्याच रात्री लिहिला, एका हातात.
एक कड जरा थरथरली आहे. तशीच ठेवली.

पैसे घेताना त्यांनी पुन्हा हात पुढे केला :
"आता तुझ्यातलं काहीतरी. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकलेय मी, वाचीन."
मी बोट टेकवलं
आणि सवयीने मनगटापासून करंगळीपर्यंत
आधी रेघ ओढली.
मग खाली काय लटकवायचं ते सुचेना.
गोदीत कुठल्याशा बोटीचा भोंगा झाला, दुसऱ्यांदा झाला.
बाई डोळे मिटून वाट बघत होत्या.
शेवटी त्यांनीच, हळू,
मूठ मिटली.