दुरुस्ती अर्ज

केपे कोर्टाच्या फाटकासमोर, झेरॉक्सच्या दुकानात
माझं टेबल. कॉम्प्युटर येऊन वीस वर्षं झाली,
लोक अजून टायपिस्ट बायच म्हणतात.

आज फोंडू फळदेसाई आला.
दिवाणी दावा, वर्ष अकरावं.
वाद: विहिरीकडे जाणारी वाट, रुंदी दीड मीटर.
वकिलांनी खरडून दिलेले दोन अर्ज हातात.

पहिला सोपा.
परिच्छेद चारमध्ये 'पूर्वेस' हा शब्द वगळून
'ईशान्येस' असा घालण्याची परवानगी मिळावी.
हद्दीवरचा फणस पडून सहा पावसाळे झाले,
दाव्यात तो अजून उभा आहे.
वकील म्हणाले, त्याला हात लावू नका.

दुसरा, साक्षीदाराला समन्स काढण्याचा.
नाव: पावलीन बार्रेत. वय: ब्याऐंशी.
धंदा: पूर्वी काजूच्या कारखान्यात, आता काही नाही.
पत्ता: आंबावली, कपेलाच्या मागे.
भत्ता भरण्याची तयारी आहे.
कशाबद्दल साक्ष: एका ओळीत लिहावे.

इथे फोंडू अडला.
"लिहा, तिनं बघितलंय."
काय?
"दोन माणसं विहीर खणताना. एक माझा बापूय,
दुसरा त्याचा."
त्याचा म्हणजे प्रतिवादीचा.
"झरा लागला तेव्हा गूळ हिनंच दिला. दोघांना.
एकाच करवंटीतून."

मी टाइप केलं: वहिवाटीबाबत.
तो पडद्याकडे बघत राहिला,
सर्व्हेच्या नकाशात कुणी
आपली चूल शोधावी तसा.

मग ते नेहमीचं वाक्य. बोटांना पाठ आहे,
मी तोवर बाहेर कुणाची स्कूटर आली तेही बघते:
पुरेशी दक्षता घेऊनही सदर साक्षीदाराचे नाव
वादीस यापूर्वी देता आले नाही.

"हें खोटें," फोंडू म्हणाला.
"पहिल्याच दिवशी देता आलं असतं.
पण विहीर दोघांची म्हटली असती,
तर दावा कशाचा लावला असता?"

झेरॉक्सचा उजेड काचेखालून गेला, परत आला.
काढू का वाक्य? मी विचारलं.
त्यानं कोर्टाच्या पायऱ्यांकडे बघितलं.
तिथे वकील घड्याळ बघत उभे.

"आसूं दी."

तीन प्रती. सही. साठ रुपये, सुटे.
रस्ता ओलांडून गेला आणि
अर्ध्यातून परत आला, धापा टाकत.

"बाय, तिचं वय.
फेस्ताच्या आदल्या दिवशी वाढदिवस झाला तिचा.
त्र्याऐंशी.
तेवढं बरोबर करा."