दिवसाचा क्रम

काचेच्या अलीकडे मी, पलीकडे डोरीन पाव्हलक.
टोलेडो, ओहायो. नोव्हेंबर, बँक नुकतीच उघडलेली.
रात्रपाळी संपवून हॉस्पिटलच्या लाँड्रीतून ती थेट इथे आलीय,
बोटांना अजून ब्लीचचा वास,
आणि बोटांत गॅसबिलाचं रिकामं पाकीट,
ज्याच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलाय तिचा सोमवार.

पावणेसहाला कॉफी, एक डॉलर पंच्याऐंशी.
मग पेट्रोल, मोजून दहाचं.
दुपारी पाव आणि दूध, सहा वीस.
संध्याकाळी नातवाच्या खोकल्याचं औषध, आठ एकोणपन्नास.
आणि भाड्याचा चेक, तीनशे दहाचा,
तो आला दिवस सरता सरता.

"खात्यात होते तीनशे अठरा," ती म्हणते,
"म्हणजे भाड्यालाच तेवढे कमी पडले.
अठरा डॉलर, चौपन्न सेंट.
एक दंड, पस्तीसचा. चूक माझी, कबूल."

मी स्क्रीन तिच्याकडे वळवत नाही. वळवायची नसते.
स्क्रीनवर तिचा सोमवार निराळाच उजाडलाय:
आधी भाडं. उरले आठ.
मग पेट्रोल, औषध, पाव-दूध,
आणि कॉफी, ती पहाटेची कॉफी,
सगळ्यांच्या मागून, मध्यरात्र उलटल्यावर.
मोठं आधी, लहान नंतर, असा आमचा नियम.
चार वेळा पस्तीस. एकशे चाळीस.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला म्हणावं,
तर इथे कोंबडीही नाही,
कागदी पेल्यातलं कोमट काळं पाणी.

मला पाठ करून दिलेलं वाक्य मी म्हणते:
भाडं महत्त्वाचं असतं ना, म्हणून ते आधी.
या सोयीचं नाव आहे सौजन्य.
पत्रकावर छत्री काढलीय, छत्रीखाली हसणारं कुटुंब.
भाडं कुठल्याही क्रमाने भरलंच गेलं असतं,
हे मी सांगत नाही.

"मी कॉफी प्यायले तेव्हा अंधार होता," डोरीन म्हणते,
"पण तो सकाळचा अंधार होता.
तुमच्या बँकेला दोन अंधारांतला फरक कळत नाही?"
आणि माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट करते:
कृपया रांगेने या.

वर्षातून एका खात्याला एक माफी, एवढं माझ्या हातात.
ती मार्चमध्येच देऊन झाली.
तेव्हा तिने खसखशीचा केक आणून दिला होता,
मागच्या खोलीत आम्ही तो उभ्याउभ्याच संपवला,
हॅस्केटसाहेबांनी दोन तुकडे खाल्ले.

स्क्रीन विचारते: कारण निवडा.
ग्राहकाशी संबंध.
खातेदाराचा मृत्यू.
बँकेची चूक.
अकरा वर्षांत तिसऱ्या ओळीवर बोट कधी गेलं नव्हतं.
साडेचारला केबिनमध्ये बोलावणं येईल, तेव्हा बघू.

"एक परत करते," मी म्हणते.
"कोणता?"
"म्हणजे?"
"चारांतला कोणता? कॉफीचा नको, ती माझी हौस.
औषधाचा करा.
पोराच्या खोकल्यावर दंड नको राहायला."

परत जाते ती फक्त रक्कम. तिला नाव लावायला
आमच्याकडे रकाना नाही.
तरी मी खाली सरकत औषधाच्या ओळीपर्यंत जाते
आणि बटण तिथे थांबून दाबते,
जणू काही फरक पडतो.

पाकिटावर, औषधासमोर, ती बरोबरची खूण करते.
उरलेल्या तीन ओळी बोटाने पुन्हा एकदा मोजते,
वरून खाली,
सकाळपासून संध्याकाळपर्यंत, तिच्या क्रमाने.
घाई करत नाही.
तिच्यामागे रांगेत कुणीतरी खोकतं.