सही जुळत नाही

टिपणीसबाईंनी कागद आणला तो
दोन पुठ्ठ्यांमध्ये, वरून जुन्या साडीचा तुकडा,
आजारी मांजर डॉक्टरकडे आणावं तसा.
"याला घर करा," म्हणाल्या.
मी म्हटलं, खोका.
"तेच."

अप्पा बळवंत चौकामागच्या आमच्या बोळात
प्रबंध येतात, जमाखर्चाच्या वह्या येतात,
सोनेरी अक्षरांसाठी घासाघीस करणारे डॉक्टर येतात.
अमेरिकेतली कविता पहिल्यांदाच आली.
तिकडे म्हणे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे ती.
बाईंनी तिच्यासाठी फंड मोडला,
भाचा अजून बोलत नाही त्यांच्याशी.

मला इंग्रजी बिलापुरतं येतं.
पण खोडलेलं कुठल्याही भाषेतलं वाचता येतं.
तिसऱ्या ओळीत एक शब्द चारदा बदललाय
आणि पाचव्यांदा पुन्हा पहिलाच लिहिलाय.
"काय आहे हो तो?"
"बादली."
आईच्या हातून दोर सुटलाय,
पोरगं विहिरीत वाकून बघतंय. एवढीच कविता.
एवढीच? म्हटलं.
एवढीच, म्हणाल्या, आणि चष्मा पुसत राहिल्या.

मग खरं दुखणं काढलं.
मुंबईचा कुणी जाणकार म्हणाला होता, सही खोटी.
अक्षर ठाम, सही थरथरती. शाईसुद्धा वेगळी.

सरसाची बोटं मी आधी पँटला पुसली,
मग लाज वाटून धुतली.
दिव्याखाली धरला कागद.
कविता विटून तपकिरी, सही अजून निळी.
आणि घडीच्या चिरेत निळी शाई फुटलेली,
म्हणजे घडी जुनी, सही नंतरची.
पण शेवटच्या अक्षराचा तो वळसा,
खाली उतरून मागे बघणारा,
वर कवितेत सतरा ठिकाणी आहे. मोजला.

आमच्या केरबाअण्णांचा चेक
बँकेनं दोनदा परत पाठवला होता.
शिक्का: सही जुळत नाही.
अण्णा काउंटरवर तिसऱ्यांदा सही करत होते,
हात मशीनच्या सुईगत उडत होता,
आणि पोरगेला क्लार्क म्हणाला,
आजोबा, तुमची स्वतःची करा ना.

"बाई, लिहिली तरुणपणी," मी म्हटलं,
"सही मागितली कुणीतरी चाळीसेक वर्षांनी."
मला काय कळतंय. मी बाइंडर.
पण बाई स्टुलावर बसल्या त्या चहा गार होईतो.

खोका केला. आतून मांजरपाट, वरून मातकट कापड,
सरस नाही, गव्हाची खळ.
नाव घालू का सोनेरी? नको म्हणाल्या.
पावतीवर सही करताना
अर्ध्यातच पेन उचललं,
आपल्याच अक्षराकडे जरा बघितलं,
मग उरलेलं आडनाव लिहिलं.