स्वतःच्या वजनावर

तैस्तोची गाडी लिफ्टवर घेतली
तर डाव्या मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरवरून
काळं तेल पार खालपर्यंत ओघळलेलं.
बोटांत चोळून पाहिलं. कणीदार.
या तेलात लोखंडाचा भुगा असतो,
वीज आली की घट्ट, गेली की पातळ,
एका सेकंदात हजार वेळा, म्हणे.
एवढ्या वेळा मत बदलणारं काहीही
वीस वर्षं टिकत नसतं,
हे मी बोलले नाही.
नव्या चार नगांचा भाव तेवढा सांगितला.
तो बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.
कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

"मग ते दुसरे घाल, इर्मेली," म्हणाला,
"बिनविजेचे."

खोक्यातून निघाले:
आटे पाडलेली नळी, तिच्यावर पिवळी स्प्रिंग,
खाली दोन कड्या, एकीनं दुसरीला जखडून ठेवायची.
वर करंगळीएवढं बटण. टिक. टिक.
नरम की कडक, हे आता गाडी ठरवणार नाही.
वाकून, हात काळे करून माणसानं ठरवायचं
आणि ठरवलं ते भोगायचं,
मॅन्तुहार्यूच्या वाटेवर,
जिथं एप्रिलमध्ये जमिनीतलं बर्फ सुटायला लागलं
की डांबराला पोक येतं.

जुने काढायला दोन दिवस गेले.
मिठानं खाल्लेला एक बोल्ट
ओन्नीनं जाळला, ठोकला, त्याला शिव्या घातल्या,
शेवटी कापला.
नवे चढले. चार चाकांपाशी
चार वायरी लोंबत राहिल्या,
टोकाला जोडायला काही नसलेल्या.
चावी फिरवली तर समोर पिवळा दिवा.

त्यावरही उपाय मिळतो.
साखरेच्या खड्याएवढी डबी, आत एक रेझिस्टन्स,
वायरीच्या तोंडात बसवायची.
गाडीनं विचारलं, आहेस का?
की ती सांगते, आहे. बरा आहे.
एवढंच येतं तिला.
दिवा विझला.
गाडीला अजून वाटतंय, जुने पाय जागेवर आहेत.

मग काटे. खड्ड्याच्या दोन्ही कडांना,
प्रत्येक चाकाखाली एक.
चालवणाऱ्याचं वजनही धरावं लागतं,
नाहीतर एक कोपरा कायम खोटा बसतो.
"वजन किती तुझं?"
"ब्याऐंशी."
ओन्नी वाळूच्या गोण्या आणायला निघाला.
"गोण्या कशाला? मी आहे ना," म्हणत
तैस्तो दारावर हात टेकून, आधी एक पाय,
थांबून,
मग दुसरा, असा आत बसला.

मी आकड्यांची बेरीज केली.
पुन्हा केली.
एकाहत्तर.
"काट्यात गडबड आहे," ओन्नी मोठ्यानं म्हणाला.
"हो," मी म्हटलं, "जुना झालाय काटा."
तैस्तो काचेतून
माझ्या बंद शटरकडे बघत होता,
दोन्ही हात स्टिअरिंगवर,
जसं काही वळण येणार आहे.

आकड्याचा पाना घेऊन
डावी पुढची कडी पाव फेरा खाली,
उजवी मागची जराशी वर.
मी एकाहत्तर धरून बसवली गाडी.
वहीत ब्याऐंशी लिहिलं.

"उतरू?" त्यानं विचारलं.
"नको. बस तसाच."

शेवटचे बोल्ट हवेत आवळायचे नसतात.
चाकं टेकायला हवीत, भार यायला हवा,
नाहीतर आतलं रबर पिळलेल्या अवस्थेतच पक्कं होतं
आणि पुढं जन्मभर उलटं ओढत राहतं.
हे मी एका पोलिसाची गाडी बिघडवून शिकले.

खड्ड्यात उतरले.
डोक्यावर गाडी, गाडीत तैस्तो.
वरून त्याच्या खोकल्याचा आवाज आला,
आणि चारही स्प्रिंगा किंचित
खाली गेल्या, वर आल्या.

त्या ठरेपर्यंत थांबले.
मग आवळलं.